शिलेदार, बारगीर आणि पाणबुड्या

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात उधवा नावाचे गाव आहे. त्याच्या नजीकच दादरा-नगर हवेलीची सीमा लागते. डोंगर दोहोंकडे तेच आणि वारली पाडेही दोहोंकडे तसेच. मग मधूनच ही रेषा कोणी व कशासाठी ओढली, असा प्रश्न जिज्ञासू प्रवाशाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर या डोंगरांत नसून समुद्रावर आहे. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' नामक लढाऊ जहाजाची हानी केली. ता. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांस काही गावांचा वसूल तोडून देण्याचे कबूल केले आणि १७८३ व १७८५ या सालांत नगर हवेली व दादरा यांविषयीच्या सनदा त्यांच्या हाती पडल्या. म्हणजे आज जी सीमा आपण सहज ओलांडतो, ती एका बिघडलेल्या साधनाच्या भरपाईतून जन्मली आहे.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक मार्मिक आहे. १९५४ साली ही गावे पोर्तुगीजांच्या ताब्यातून गेल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात हिंदुस्थानावर फिर्याद मांडली. १९६० साली निकाल देताना न्यायालयास दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठी सनदांचा अर्थ लावावा लागला. पेशव्यांनी नेमके दिले काय, गावे की गावांचा उपभोग? न्यायालयाने म्हटले की मूळ सनदांनी सार्वभौमत्व दिलेले नाही. जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाचा वसुलाचा हक्क तेवढा दिला. पोर्तुगीजांचे स्वामित्व मान्य झाले ते पुढे इंग्रजी अमदानीत, वहिवाटीने. याच निकालात दुसराही एक भेद केलेला आढळतो. खाजगी इसम, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांस हिंदी मुलुखातून जाण्यायेण्याची वहिवाट होती, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्या बाबतीत तसा हक्क नव्हता. माणसाला वाट मोकळी होती, त्याच्या हत्याराला नव्हती.

वस्तू कोणाची, वापर कोणाचा, नुकसान कोणाचे आणि ती बरोबर घेऊन कोठवर जाता येईल, असे हे चार प्रश्न आहेत. राज्याराज्यांच्या तंट्यांत ते मोठ्या अक्षरांत दिसतात इतकेच. एरवी सामान बांधून घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रवाशापुढे ते उभेच असतात. अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतील तरुण मुले-मुली मालवणास व तारकर्लीस जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरू लागली आहेत. या विद्येस स्कूबा म्हणतात. तिची गोडी लागलेला तरुण दुसऱ्या वर्षी वडिलांस विचारतो, "साहित्य स्वतःचे विकत घेऊन प्रवासात बरोबर न्यावे, की तेथे गेल्यावर भाड्याने घ्यावे?" वडील बहुधा किंमत विचारून गप्प बसतात. परंतु हा प्रश्न केवळ किमतीचा नाही आणि महाराष्ट्रास तो नवाही नाही. आपल्या पूर्वजांनी निदान अडीचशे वर्षे त्याचा खल केलेला आहे. त्या काळी त्याचे स्वरूप असे होते: स्वारास घोडा स्वतःचा असावा, की सरकारचा?

शिलेदार व बारगीर हे दोन शब्द कादंबऱ्यांमुळे आपल्या कानांवरून गेलेले असतात, पण त्यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानात नसतो. शिलेदार हा शब्द फारसी 'सिलाहदार' म्हणजे शस्त्रधारी यापासून आला. तो आपला घोडा, आपली तलवार, आपला भाला व खोगीर घेऊन चाकरीस हजर होई आणि त्या सर्वांसह आपला मोबदला ठरवून घेई. बारगीर मात्र केवळ आपले शरीर व कौशल्य घेऊन येई. घोडा सरकारच्या पागेतला किंवा एखाद्या धनवान सरदाराचा असे. एक साहित्यासह प्रवास करणारा, तर दुसरा मुक्कामी साहित्य मिळवणारा.

वरवर पाहता शिलेदार श्रेष्ठ वाटतो. तो स्वतंत्र, तो मालक. बारगीर परक्याच्या घोड्यावर बसणारा. परंतु शिवाजी महाराजांचा कल उलट दिशेने होता. सभासदाने आपल्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे, ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी ती चढती रचना होती. आणि दर पंचवीस स्वारांमागे एक पखाली व एक नालबंद नेमलेला असे. पागा बळकट करावी आणि शिलेदारांस तिच्या आज्ञेत ठेवावे, म्हणजे कोणास बंडाळी करण्याचे बळ राहत नाही, असे त्यामागचे धोरण सभासदाने दिले आहे.

नालबंद व पखाली यांच्या उल्लेखावर मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. इतिहासाची पुस्तके वाचताना आपण हजारी व पंचहजारी यांची नावे लक्षात ठेवतो आणि नालबंदास विसरतो. परंतु सरकारी घोडा व भाड्याचे तट्टू यांतील अंतर याच एका माणसात साठवलेले आहे. साधन दुसऱ्याचे असले म्हणजे ते वाईटच असावे असा नियम नाही. ज्याच्या निगेस कोणी जबाबदार नाही ते वाईट. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद ठेवणाऱ्या राज्याने हे तत्त्व ओळखले होते. स्वारीस निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तेची याद करावी आणि परतल्यावर तिच्याशी ताडा घ्यावा, हा नियमही त्याच वळणाचा आहे.

महाराजांनी चिपळुणाकडील छावणीस लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्याकरिता साठवलेला दाणागोटा आताच उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात ताकीद आहे. रयतेस उपद्रव देऊ नये, गंजीस आग लागू नये म्हणून दिवा जपावा, असेही त्यात सांगितले आहे. पत्राचा रोख पाहा. घोडा सरकारचा असला तरी तो मेल्यास दोष वापरणाऱ्याचा. मालकी राज्याची व जबाबदारी स्वाराची अशी ही गाठ आहे. ती नसती तर सरकारी पागा म्हणजे धन्यावाचूनचे गुरांचे कोंडवाडे झाले असते.

पुढे पेशवाईत सरंजामी पद्धत वाढली आणि शिलेदारीचे प्रमाणही वाढत गेले. एवढा मोठा मुलूख, एवढ्या दूरच्या स्वाऱ्या. सर्वांस घोडे पुरवण्याची ऐपत सरकारच्या एकट्याच्या खजिन्यात नव्हती. ज्याने त्याने आपले साहित्य आणावे हे सोयीचे झाले. त्याचा लाभ असा की फौज झपाट्याने उभी राहू लागली. तोटा मात्र रणांगणावर दिसे. शिलेदाराचा घोडा हे त्याचे हत्यार तर खरेच, पण तेच त्याचे भांडवल, त्याचे शेत, त्याच्या मुलाबाळांची भाकर. घोडा पडला की तो स्वार राहत नसे, दुसऱ्याच्या दारी उभा राहणारा उमेदवार होई. अशा माणसाने गर्दीत घोडा घालताना हात आखडला तर त्यास भ्याड म्हणणे सोपे आहे. मला तो हिशेबी वाटतो. मालकीने माणूस वस्तूस जपतो हे जितके खरे, तितकेच मालकी माणसास वस्तूचा गुलाम करते हेही खरे.

काही साधने तर अशी असतात की ती एकट्याने बाळगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आरंभी सांगितलेल्या उधव्याच्या डोंगरांपलीकडे पश्चिमेस डहाणूचा किनारा आहे. हा सारा उत्तर कोकण चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. डहाणू व तारापूर ही ठाणी वर्षाच्या आरंभी पडली, मे महिन्यात वसई शरण आली. वसईच्या तटापुढे शिलेदाराचा उत्तम घोडाही काय करणार? तेथे सुरुंग खणावे लागले, दारू ठासावी लागली, तोफा ओढून न्याव्या लागल्या. दारूचे कोठार कोणी खोगिराला बांधून घरून आणीत नाही. ते सरकारनेच उभारावे लागते. म्हणून साहित्याचे दोन नव्हेत, तीन वर्ग करावे लागतात: जे अंगाचे आहे, जे स्वतःचे असू शकते, आणि जे समाजाचेच असावे लागते.

इंग्रजांनी ही शिलेदारी जशीच्या तशी उचलली, एवढेच नव्हे तर तिचे नावही ठेवले. १८१७ च्या पुणे करारानंतर उभारलेले आणि पुढे 'पूना हॉर्स' म्हणून नावारूपास आलेले रिसाले याच पद्धतीचे होते. १८५७ नंतर हिंदी घोडदळात ती सार्वत्रिक झाली. १९१४ साली एकोणचाळीस रिसाल्यांपैकी केवळ तीन मद्रासी रिसाले तिच्याबाहेर होते. सरकार बंदूक व काडतुसे देई. घोडा, खोगीर, पोशाख, तंबू हे स्वाराने पाहावयाचे. भरतीच्या वेळी तो ठराविक रक्कम भरी, रिसाला त्यातून एकसारखे घोडे खरेदी करी, आणि चाकरी संपल्यावर त्यास रक्कम परत मिळे. याशिवाय एक विशेष गोष्ट होती. प्रत्येक स्वार दरमहा थोडी वर्गणी देई. तिचा 'चंदा' नावाचा निधी असे. कोणाचा घोडा मेला तर या निधीतून नव्याची तजवीज होई. पेशवाईतील शिलेदारास जे भय गर्दीत मागे ओढीत असे, त्यावर हा उपाय होता. मालकी एकट्याची, पण नुकसान सर्वांनी वाटून घेतलेले.

शांततेच्या काळात ही योजना उत्तम चालली. परंतु १९१४ च्या शरद ऋतूत हे रिसाले जहाजांत चढून फ्रान्सला गेले, तेव्हा तिचे मर्म उघडे पडले. स्वदेशी पाचपन्नास घोडे गेले तर चंद्यातून भागते. परमुलखात, हजारो मैलांवर, यंत्रयुगातील युद्धात माणसे व घोडे झपाट्याने खर्ची पडू लागल्यावर ज्याने त्याने आपली भर करावी हे शक्य राहिले नाही. सरकारासच सर्व पुरवठा अंगावर घ्यावा लागला आणि महायुद्धानंतर लवकरच शिलेदारी पद्धत कायमची बंद झाली. साहित्य आपले असणे याचा अर्थ ते दुरुस्त करण्याची व बदलण्याची सोय आपल्या हाती असणे हा होय. ती सोय मागे राहिली की उरते ते ओझे.

आता पुन्हा आपल्या पाणबुड्याकडे वळू. त्याच्या विद्येच्या इतिहासातही हाच झगडा आहे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे याने लंडनमध्ये तांब्या-पितळेच्या शिरस्त्राणाचा जो पोशाख प्रचारात आणला, त्यात पाणबुड्याला हवा वरून येई. नावेवर माणसे पंप फिरवीत आणि नळीतून ती खाली उतरे. पंप, पोशाख व नाव ही सारी कंपनीची किंवा आरमाराची. पाणबुड्या म्हणजे पुरता बारगीर, नव्हे, दाव्याला बांधलेला बारगीर. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो व एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर सिद्ध केला की जो पाण्याच्या दाबानुसार, मागितल्या श्वासापुरतीच हवा टाकीतून देतो. दावे तुटले. पाण्याखाली प्रथमच खुशाल हिंडणारा शिलेदार जन्मास आला. त्याचा श्वास त्याच्याच पाठीवर होता.

परंतु हा श्वास जड असतो. नित्य वापरातील अॅल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच सुमारे चौदा किलो भरते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान नेता येते, म्हणजे एकटी टाकीच सारा वाटा गिळून बसते. भरलेली टाकी तर विमानात घेतच नाहीत. रिकामी असून तिची झडप उघडून दाखवावी लागते. माणसाला वाट मोकळी, त्याच्या साधनास नाही, हा हेगचा न्याय येथेही दिसतो. शिवाय टाकी नेली तरी तिच्यात दोनशे पट दाबाने हवा भरणारा कॉम्प्रेसर कोण नेणार? टाकी, शिशाची वजने आणि कॉम्प्रेसर हे पाणबुड्याचे दारूचे कोठार आहे. ते मुक्कामाच्या ठिकाणी कोणीतरी उभारलेले असावे लागते. येथे भाड्याचेच घ्यावे, यात कमीपणा नाही.

याच्या अगदी उलट टोकास मास्क आहे. चेहऱ्याचे हाड प्रत्येकाचे निराळे. दुसऱ्याच्या बेताचा मास्क गालाशी नीट बसत नाही, त्यात पाणी झिरपते, आणि नवशिक्याची निम्मी घबराट या झिरपणाऱ्या पाण्यातून सुरू होते. मास्क वजनाने नगण्य व किमतीने बेताचा. वर्षातून एकदाच समुद्रात उतरणाऱ्यानेही तो स्वतःचा घ्यावा. खोली व वेळ मोजणारा, मनगटावर बांधावयाचा डाइव्ह कॉम्प्युटरही याच वर्गातला. तो आदल्या दिवशीच्या बुडीचा हिशेब पुढे चालवतो. दर दिवशी निराळा घेतला तर हिशेब तुटतो, आणि पाण्याखालच्या हिशेबातील चूक सांध्यांत व मज्जातंतूंत उमटते. तेथे परक्याच्या घड्याळावर विसंबू नये.

खरा वाद मधल्या वर्गाविषयी आहे: रेग्युलेटर, हवेने फुगणारे जाकीट, अंगाचा वेटसूट, पायांतील फिन्स. हे सर्व मिळून दहा-बारा किलो होते, म्हणजे नेता येते; महाग असते, म्हणजे विचार करावा लागतो. येथे शिलेदाराच्या हिशेबाचा उपयोग होतो. शिलेदार दसऱ्यास निघून आठ महिने घोड्यावर असे, म्हणून घोडा पाळणे त्यास परवडे. जो वर्षातून दहा-पंधरा दिवस समुद्रात असतो त्याने रेग्युलेटर घ्यावा. त्याच्या खाचाखोचा त्याच्या हातांस अंधारातही माहीत होतात आणि संकटात तेवढी ओळखच कामास येते. परंतु घेतला म्हणजे तो प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, वर्षास एकदा जाणत्याकडून तपासून घ्यावा. स्वतःच्या घरी स्वतःच नालबंद व्हावे लागते. कपाटात तीन वर्षे पडून राहिलेला स्वतःचा रेग्युलेटर हा रोज धुतल्या व तपासल्या जाणाऱ्या भाड्याच्या रेग्युलेटरपेक्षा अधिक घातक होय. मालकीचा अभिमान येथे जीवावर बेततो, कारण आपल्या वस्तूवर आपण संशय घेत नाही.

आणि जो भाड्याने घेतो त्याने पागेचा कायदा ध्यानात ठेवावा. घोडा सरकारचा, पण मेला तर दोष तुमचा. उतरण्यापूर्वी टाकीवर ठोकलेली चाचणीची तारीख पाहावी; पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असते. हवेचा वास घ्यावा. तेलाचा वा धुराचा भास झाला तर ती टाकी परत करावी. रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घेत दाबमापकाकडे पाहावे. प्रत्येक श्वासासरशी काटा खाली झुकत असेल तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही असे समजावे. जाकीट फुगवून क्षणभर थांबावे, हवा गळते का ते ऐकावे. या सर्वास पाच मिनिटे लागतात. भाडे देणाऱ्यास राग येईल या संकोचाने पुष्कळ लोक ती घेत नाहीत. परंतु चांगला भाडेवाला अशा गिऱ्हाइकाने सुखावतो आणि जो चिडतो त्याच्याजवळून टाकी घेऊ नये, एवढे तरी त्या पाच मिनिटांत कळून येते.

एक आक्षेप संभवतो. मालवण-तारकर्लीस जाणाऱ्यांपैकी बहुतेकांस ना पोहता येत, ना रेग्युलेटर कशाला म्हणतात हे ठाऊक असते. किनाऱ्यावरचा प्रशिक्षक त्यांस साहित्य चढवतो, हात धरून चार-पाच पुरुष खोल नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. त्यांस या चर्चेचे काय? खरे आहे. ते बारगीरही नव्हेत. ते लगाम दुसऱ्याच्या हाती देऊन घोड्यावर बसलेले पाहुणे होत. परंतु अशा पाहुण्यानेच अधिक सावध असावे, कारण त्याचे स्वतःचे असे पाण्याखाली काहीच नसते, ज्ञानसुद्धा. आपला हात धरणारा मनुष्य शिकलेला आहे का, एवढे विचारण्याचा अधिकार त्यास आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ही विद्या शिकवणारी संस्था काढली, तिचे महत्त्व यातच आहे.

तेथील तरुणांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. पाहुण्यांस भाड्याने साहित्य हवे असते, म्हणून गावात धंदा उभा राहतो, हे चांगलेच. परंतु टाक्या व कॉम्प्रेसर कोणाचे आहेत? जो कोळ्याचा मुलगा रोज पाण्यात उतरतो, तो परक्या भांडवलदाराच्या साहित्यावर राबणारा बारगीर आहे, की चार जोडीदारांसह आपल्या कॉम्प्रेसरचा धनी आहे, यावर गावात पैसा राहील की बाहेर जाईल हे ठरते. कोळ्यांच्या होडीत मिळकतीचे वाटे पाडताना होडीचा व जाळ्याचाही वाटा काढण्याची चाल आहे. साधनास स्वतंत्र वाटा असतो हे त्यांस कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या रिसाल्यांतील चंद्याची युक्ती त्यांस आजही उपयोगी पडेल. एकट्यास न झेपणारे यंत्र सर्वांनी मिळून घ्यावे, त्याच्या नुकसानीकरिता दर फेरीस थोडे बाजूस टाकावे, आणि एखादा नालबंद, म्हणजे यंत्र उकलून जोडता येणारा एक जाणता, आपल्यातच तयार करावा. हेच शहरातल्या हौशी मंडळींच्या क्लबासही लागू आहे.

तात्पर्य, 'स्वतःचे की भाड्याचे' या प्रश्नास एकच एक उत्तर शोधणे व्यर्थ होय. जे अंगास बसते व जे आपली स्मृती वाहते, ते स्वतःचे असावे. जे जड व सर्वत्र सारखे, ते मुक्कामी घ्यावे. मधले जे आहे त्यास घोडा विकत घेण्यापूर्वी दाणावैरण व नालबंद यांचा खर्च मोजून मगच हात घालावा. मालकीची नशा शिलेदारास मागे खेचू शकते, आणि बेफिकिरी बारगिराचा घोडा मारते. इतिहासाने दोन्ही दाखवून दिले आहे. पाण्याखाली पन्नास-साठ फुटांवर टाकी कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारीत नाही. तिची शेवटची निगा कोणी व केव्हा घेतली, हेच तेथे श्वासागणिक मोजले जाते.